रस्तेवाल्या पोराची चौकशी

हाव, तेच घर, निळ्या दाराचं — गौरम्माचं. आदिनाथ तिचाच. पण थांबा की भाऊ, चौकशीला आलाव अन् उभ्या-उभ्या इचारताव होय? बसा त्या स्टुलावर. तेवढं ब्लाऊजचं कापड — ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, मी उचलते. मशीन चालूच ठेवते हं मी, तुमी बोला, मला ऐकू येतं. पोरीचे मामा का तुमी? अन् गाव? — अहमदपूरकडचं. म्हणजे लातूर जिल्हा, मुखेडपस्तोवर जिल्हा वलांडून आलाव की. शेजाऱ्याला इचारल्याबिगर सोयरीक करायची न्हाई हे बरोबर हाय तुमचं, मी बी तेच केलं असतं. अन् शिवणाऱ्या बाईला तर गल्लीतलं सगळंच ठावं असतं — कोणाची कंबर सुटली, कोणाला दिवस गेले, कोणाच्या लग्नाचा ब्लाऊज शिवायला टाकला अन् कोणी न्यायलाच आलं न्हाई. इचारा, बिनधास्त इचारा. सरकारी हाय का? बगा, पहिला सवाल हाच! न्हाई भाऊ, सरकारी न्हाई. मध्यस्थानं काय सांगितलं तुमाला — हायवेवर साहेब हाय? साहेब हाय, पण सरकारचा न्हाई. कंपनी हाय, नांदेडला हापिस हाय तिचं. रस्ता ठेकेदार करतो अन् तो नीट करतो का न्हाई ते ही कंपनी बघते, तिच्यात हा नोकरीला. खाजगी. आता खाजगीवाल्याला पोरगी कशी द्यायची, सांगा? मी आपलं पहिलंच सांगून टाकलं, उगं तुमी फसू नये. — काय म्हणताव? चालतंय? असं कसं चालतंय हो? पोरीच्या बापाला तरी इचारा!

तेंनाबी चालतंय. बरं. मग ऐका. शिकला लई, हे खोटं सांगणार न्हाई मी. नांदेडला इंजिनियर झाला, मग त्याच्यावर अजून पुढचं शिकला. पण ते काय शिकला हे गल्लीला कळेस्तोवर आमची जी फजिती झाली ना भाऊ — गौरम्मा माहेरची बिदरकडची, कानडी मुलूख, तिची मराठी आजून सरळ झाली न्हाई. पोराला पहिली नोकरी लागली तर ही बाई पेढ्याचा पुडा घेऊन दारोदार — 'आमचा आदिनाथ रस्त्यावर आला की हो!' अन् तोंडभर हासून राहिली! बायकांना कळंना. पेढा घ्यावा का न घ्यावा? एक म्हातारी तर डोळ्याला पदर लावून म्हणली, येळ येते बाई माणसावर, जाते बी. गौरम्मा म्हणली, न्हाई न्हाई, आता कायमचंच हाय! मी हासून हासून मशीनवर डोकं टेकलं. मग तिला बसवून शिकवलं, गौरम्मा, रस्त्यावर आला न्हाई म्हणायचं, रस्त्याच्या कामावर लागला म्हणायचं. आजून कवा कवा चुकते.

अन् आमच्या मालकाची तऱ्हा वेगळीच. आमचे मालक व्यंकट, एष्टीवर ड्रायव्हर हायत, मुखेड-लातूर गाडी तेंच्याकडं. आदिनाथ एकदा तेंना म्हणला, काका, मी परिवहनात पुढचं शिकतो. परिवहन! अहो, मालकाच्या गाडीच्या अंगावर तोच शब्द लिवलेला हाय, तेंच्या पगाराच्या कागदावर तोच हाय. मालक खुश — म्हणले, पोरगं डेपो मॅनेजर होऊन येणार, आपल्या ड्युट्या आपल्याच गल्लीत लागणार. तवापासून तेला साहेब काय, चहा काय, शेजारी बसवून एष्टीच्या टायरापासून सगळं सांगणं काय! पोरगं बी बिचारं ऐकून घ्यायचं. मग एक दिवस उलगडा झाला की ह्या परिवहनात एष्टी न्हाईच — रस्ता हाय. एष्टी ज्याच्यावरून जाते ते. मालकाचं तोंड बगायला पायजे होतं! जन्म गेला हो तेंचा रस्तेवाल्याला शिव्या देण्यात. कंबर धरली — रस्तेवाला. गाडीचा पाटा तुटला — रस्तेवाला. भाजीत मीठ कमी पडलं तरी शिवी रस्तेवाल्यालाच. अन् तोच आपल्या भिंतीला भिंत लावून निपजला! तवापासून चहा बंद. आता अशा माणसापुढं रस्तेवाल्या जावयाचं नाव कसं काढावं — म्हणजे — कोणाच्याबी. उदाहरण सांगून राहिले मी. तुमचं तसं न्हाई, तुमच्याकडं कोण ड्रायव्हर न्हाई ना? मग तुमाला काय फरक पडतो.

काम? काम काय करतो म्हणताव. पहिल्या सालाला तर एका चौफुलीवर खुर्ची टाकून गाड्या मोजत बसायचा. खरंच सांगते! ट्रक गेला — एक रेघ, टमटम गेली — एक रेघ, ऊसाची गाडी गेली — एक रेघ. आमच्या गल्लीतले लोक एष्टीतून बगून यायचे अन् गौरम्माला सांगायचे, एवढं शिकवलंस अन् पोरगं फाट्यावर रेघा मारून राहिलं. मी बी हासले होते, खोटं कशाला बोलू. पण मग तेनं मला सांगितलं, इथंच बसून, तुमी बसलाव तिथंच — मावशी, कोणत्या गाड्या जातात, किती जड जातात, हे कळल्याशिवाय रस्ता किती जाड टाकायचा ते कसं कळणार? मी म्हणलं, म्हणजे माप! आधी माप, मग कापड. तर म्हणला, हाव मावशी, मापच. अन् ह्या लायनीत काय एकच काम हाय का? रस्ता कुठून न्यायचा ते आखणारे वेगळे. पूल बांधणारे वेगळे. डांबर अन् काँक्रीट तपासणारे वेगळे. चौकातला लाल दिवा किती येळ ठेवायचा ते ठरवणारे वेगळे. एका वळणावर सारखी माणसं मरत असली तर ते वळण का मारतं, हे शोधणारे बी असतात म्हणे, तेचीच नोकरी असते! आमच्या धंद्यासारखंच — कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, काज-बटनवाला वेगळा. अन् आता सगळीकडं रस्ते निघाले, लातूर काय, नांदेड काय, तिकडं पुण्या-हैदराबादला मेट्रो काय. काम मिळत न्हाई असं होणार न्हाई, म्हणला, फक्त दारात मिळंल असं न्हाई.

ऐकलं का? दारात मिळंल असं न्हाई! हे मी तुमाला मुद्दाम सांगून राहिले भाऊ. दुकानदाराला दुकान असतं, मास्तरला शाळा असते. ह्याचं काय? रस्ता झाला की ह्याचं काम संपलं. लोक तेच्यावरून गाड्या पळवणार, अन् हा कुठं? दुसऱ्या जिल्ह्यात, जिथं आजून नुस्ती माती हाय. रस्ता चांगला झाला की ह्यानं तिथून उठायचं, अशी नोकरी! पत्र्याच्या खोल्या, डब्याचं जेवण, उन्हात करपलेलं तोंड. लहानपणी गोरा होता हो, आता बगाल तर वळखू येणार न्हाई. तुमच्या भाचीनं काय बंगला-बिंगला मनात धरला असंल तर सांगा तिला. नोकरी करते का ती? न्हाई. घरचं बघंल. पत्र्याच्या खोलीत घरचं काय बघणार हो? दिवसभर बाहेर रोलर चालतो, भांडी मांडणीवरून खाली येतात. कोणाशी बोलंल? — चालतंय? हेबी चालतंय? फिरायला मिळंल म्हणते? अरे देवा. हासऱ्या सोभावाची दिसते तुमची भाची.

थांबा थांबा — बगा, तुमच्या नादात उजवी बाही डावीकडं लावली. आता उसवा. एवढ्या वर्षांत असं झालं न्हाई... ब्लेड कुठं गेलं? तुमच्या पायाजवळ बगा. न्हाई? ऱ्हाऊ द्या, हाय इथंच. दारू? न्हाई हो, दारू कसली, सुपारी खात न्हाई. तंबाखू? न्हाई म्हणलं ना. मनात आलं होतं की म्हणावं, घेतो थोडी. काय बिघडलं असतं? पण जीभ उचलंना, खोटं बोलवंना त्या पोराबद्दल. — काय? मी कामून खोटं बोलंन? तुमी बी लई बारकाईनं ऐकून राहिलाव की. चोराच्या मनात चांदणं, असं तर न्हाई ना म्हणायचं मला? बरं मग.

मला एवढं कसं ठावं? शेजार हाय की. अन् माझी बी एक पोरगी हाय त्याच लायनीत. पुनम. लातूरला डिप्लोमा केला तिनं, रस्त्याचाच. मी म्हणलं होतं, बाई, डीएड कर, नर्सिंग कर, लातूरला सगळ्या दुनियेच्या पोरी डॉक्टर व्हायला येतात अन् तू डांबर हुंगायला चाललीस? ऐकलं न्हाई. आता लातूरकडच्याच एका रस्त्यावर हाय, ठेकेदाराच्या प्रयोगशाळेत. काँक्रीटचे ठोकळे करायचे, पाण्यात भिजत ठेवायचे, मग मशीनीत घालून दाबून फोडायचे — ठोकळा किती जोर सहन करतो ते बगायचं. अन् तपासायला वरून कोण येतो? आदिनाथ! एकदा तेनं हिचे ठोकळे नापास केले. चांगली पंधरा माणसांच्या पुढं. ठेकेदार म्हणला, साहेब, एकाच गावचे हाव तुमी दोघं, सोडून द्या. न्हाई सोडलं. टाकलेलं सगळं काँक्रीट उखडायला लावलं. पोरीचा फोन आला, नुस्ती रडत होती, म्हणली आता तेचं तोंड बगणार न्हाई. अन् तिसऱ्या दिवशी तीच म्हणती, आई, तेचंच बरोबर होतं, मालात पाणी जास्त पडलं होतं, माझंच लक्ष न्हवतं. मी म्हणलं, मग आता? तर म्हणली, आता काय, आता मी तेच्याशी बोलते. मी फोन ठेवला. आईला एवढं कळतं हो भाऊ. जो माणूस आपल्याला नापास करतो अन् तरीबी पोरगी तेचंच गुण गाते, तवा समजायचं.

अन् मग ते जाकिटाचं झालं. रस्त्यावर ते घालतात ना, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट — सगळी पुरुषाच्या मापाची येतात. पोरीच्या अंगावर पोतं. आदिनाथ सुट्टीला आला तवा एक घेऊन आला इथं. म्हणला, मावशी, हे बारीक करून द्या, मशीनीपाशी ढिलं कापड अडकलं तर हात जाईल माणसाचा. मी म्हणलं, कोणाच्या मापानं? तर इकडं बगतो, तिकडं बगतो, त्या कात्रीकडं बगून म्हणतो — पुनमच्या. मी म्हणलं, आण बाबा, तिचं माप माझ्याकडं हाय. तर जाता जाता दारातून म्हणतो, मावशी, डावा खांदा जरा उतरता धरा. भाऊ, माझ्या पोरीचा डावा खांदा उतरता हाय. एवढासा. कोणाला दिसत न्हाई. तिच्या बापाला आजून ठावं न्हाई. मला ठावं, कामून की ती परकरात होती तवापासून तिचं प्रत्येक कापड मी शिवलं. ह्याला कसं दिसलं? किती दिवस बगितलं असंल, अन् कसं बगितलं असंल, तवा दिसलं! तो गेल्यावर मी ते जाकीट मांडीवर घेऊन बसले अन् मला रडू आलं. आनंदानं का भीतीनं, ते आजूनबी सांगता येत न्हाई.

न्हाई हो, इचारलं न्हाई. कसं इचारायचं? आमची पोरगी, आमीच उंबरा चढायचा, रीत हाय ती. अन् मालकापुढं एकदा धीर करून नाव काढलं, तर म्हणले, सरकारी लागू दे, मग बगू. तेनं परीक्षा दिली हाय सरकारी इंजिनियरची, निकाल लागला न्हाई आजून. मालक रोज पेपरात निकाल बगतात, शिव्या देत देत बगतात! गौरम्मा? भाजी निवडायला इथं येऊन बसते, नुस्ती बगते माझ्याकडं, अन् मी मशीन जोरात चालवते. पुनमनं दोन स्थळं परतवली. त्यातला एक तर इथलाच, मोठं किराणा दुकान, म्हणला पोरीनं नोकरी सोडायची. पुनम म्हणली, मी ठोकळे सोडणार न्हाई, तुमी दुकान सोडताव का? वरवर रागावले मी, पण आतून बरं वाटलं. आता तिला कोण घेणार सांगा, उन्हात उभी राहणारी, गड्यांवर वरडणारी पोरगी? अन् तवर मालक दर म्हैन्याला नवीन गाव हिंडतात स्थळं बगत — काखेत कळसा अन् गावाला वळसा! माझीच चूक म्हणताव? न्हाई भाऊ, चूक न्हाई. भ्या वाटतं मला. दोघं बी त्याच कामाचे, म्हणजे दोघं बी कायमचे लांब. आज लातूर हाय, उद्या गुजरात म्हणतील, परवा कुठं तरी डोंगरात. मला कवा दिसणार माझी पोरगी? इथं दिली असती तर भिंतीपल्याड हाक मारली असती. तेचं घर भिंतीपल्याड, अन् तो मात्र दुनियाभर. हे असं घर असून काय कामाचं, हेच घोळून राहिलं रात्रंदिवस डोक्यात. म्हणून इचारलं न्हाई. उद्या इचारू, परवा इचारू. तो काय पळून चाललाय, वाटलं.

पाणी पिताव? बरं, ऱ्हाऊ द्या. सारखं बाहेर काय बगून राहिलाव? कोणती गाडी — ती पांढरी? ती तुमची? मला वाटलं कोणी दवाखान्याला आलंय. गाडीत कोण हाय? पोरीचे वडील. अन् आई. अन् — पोरगी बी हाय? गाडीतच? एवढ्या उन्हात बसवून ठेवलं तिला? म्हणजे तुमी इथून हाव म्हणलं की ते उतरणार अन् थेट गौरम्माच्या घरात जाणार? आजच? नारळ बी आणलाय! अहो, नारळ घेऊन कोण चौकशीला येतं! अन् आदिनाथ बी आज घरी हाय, हे बी ठावं तुमाला. हाय, घरी हाय, सकाळी आला. पुनम उद्या यायची हाय. उद्या! कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ते हेच — न्हाई, तुमच्या भाचीला न्हाई म्हणलं, बिचारीला काय ठावं. गोड असंल पोरगी. मी आपलं माझ्या नशिबाला म्हणलं.

म्हणजे आता माझ्याच एका शब्दावर हाय होय सगळं? मी वाईट म्हणलं की तुमी गाडी वळवणार, चांगलं म्हणलं की उतरणार. अन् मी मघापासून काय करून राहिले — सरकारी न्हाई म्हणलं, तुमी चालतंय म्हणलाव. फिरतीची नोकरी म्हणलं, चालतंय म्हणलाव. काळा म्हणलं, हासलाव. तुमाला सगळंच चालतंय भाऊ, अन् मला सालभर काहीच चालत न्हवतं! तुमी परक्या गावचे, एकदा पोराचं नाव ऐकलं अन् नारळ घेऊन निघालाव. अन् मी भिंतीला भिंत लावून सरकारी निकालाची वाट बगून राहिले. लाज वाटली पायजे मला. न्हाई, तुमी बोलू नका, मला बोलू द्या. तुमी चौकशीला आलाव ना? मग घ्या, खरी चौकशी घ्या. पोरगं निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय, कोणाच्या दबावाला दबत न्हाई. आईला जपतो. बायकोला उन्हात एकटी उभी ठेवणार न्हाई, स्वतः शेजारी उभा राहील. रस्त्याच्या कामाला मरण न्हाई, नोकरीची फिकीर करू नका. लाखात एक पोरगं हाय, कुठं बी शोधा, मिळणार न्हाई.

अन् म्हणूनच सांगते भाऊ, गाडी वळवा.

रागावू नका. पोरीला उन्हातून काढा आधी, कोपऱ्यावर रसवंती हाय, रस पाजा तिला. तिला चांगलं स्थळ मिळंल, मी हात जोडते, मिळंलच. पण हे न्हाई. हे दिलेलं हाय. कवा दिलं? आता देऊन राहिले, तुमच्यादेखत! मालक? मालक संध्याकाळी येतील लातूरहून, शिव्या देतील, देऊ द्या; शिव्या देत देतच जेवतील. मला लांब जाण्याचं भ्या हाय ना, ते माझं मी बगते, बसंन एष्टीत अन् जाईन जिथं असंल तिथं. कुंकवाचा करंडा कुठं ठेवला मी... सरका बरं जरा, दारातून सरका. गौरम्मा! ओ गौरम्मा! दार लावू नको, मी येऊन राहिले — न्हाई, भाजी निवडायला न्हाई, पुनमचं बोलायला! आदिनाथला बी बस म्हण तिथं, कुठं जाऊ देऊ नको!

तुमी आजून बसलाव का? उठा की हो.